तात्यांचे पाय का सुजले?

1. तात्यांनी पेढे वाटले

एका गावात एक तात्या राहतात. वय 55. दोन एकर डाळिंबाची बाग. बागेला ठिबकचे पाणी. तात्या मोठे कष्टाळू. पहाटे बागेत जातात ते दिवस मावळल्यावर घरी येतात.

तात्यांना 12 वर्षांपासून मधुमेह आहे. गावात कुणी त्याला 'साखर' म्हणतात, कुणी 'शुगर' म्हणतात. रक्तदाबही वाढलेला आहे. साखरेच्या गोळ्या तात्या नेमाने घेत. रक्तदाबाची गोळी मात्र मनाला येईल तेव्हा. डोके दुखले तर घ्यायची, नाही दुखले तर डबीत राहू द्यायची.

काकू म्हणायच्या, "आवो, गोळी घेतली का?"

तात्या म्हणायचे, "दुखत न्हाई, खुपत न्हाई. मंग गोळी कशापायी?"

गुडघे मात्र रोज दुखत. त्यासाठी तात्या बाजारच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणत. ती रोज एक. कधी दोन.

गेल्या दिवाळीनंतर एक नवल झाले. तात्यांची साखर उतरू लागली. गोळी तीच, जेवण तेच, तरी साखर कमी. एके पहाटे तर तात्यांना दरदरून घाम सुटला. हातपाय कापू लागले. बोलणे अडखळले. काकूंनी लगबगीने साखरेचे पाणी पाजले, तेव्हा कुठे ते भानावर आले.

तात्या खूश झाले. म्हणाले, "साखर संपली बघ! बारा वर्सांचा रोग हटला." त्यांनी मारुतीच्या देवळात पेढे वाटले.

पण त्याच महिन्यात त्यांच्या वहाणा घट्ट होऊ लागल्या. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा पडे, आणि तो लवकर भरत नसे. सकाळी उठले की डोळ्यांखाली सूज दिसे. रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे. लघवीला फेस येई. तीन आठवड्यांत वजन 4 किलोंनी वाढले. लोक म्हणाले, "तात्या, अंग धरलं की!"

काकूंना काही ते बरे वाटेना. जेवण निम्म्यावर आले आणि वजन वाढते, हे कसे? त्यांनी गावच्या आशाताईंना बोलावले. आशाताईंनी पाय पाहिले, आणि त्याच दिवशी तात्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले.

2. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितले?

डॉक्टरीणबाईंनी तात्यांना पाच मिनिटे शांत बसवले. मग रक्तदाब मोजला. 170 वर 100. तो फार झाला. त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला घेतली. दोन दिवसांनी निकाल आला.

बाई म्हणाल्या, "तात्या, तुमची साखर गेलेली नाही. तुमची मूत्रपिंडे थकली आहेत."

"म्हंजे किडनी?" काकूंनी विचारले.

"हो, किडनी. साखर उतरवणारी गोळी पोटात गेली, की काम करते आणि मग मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. आपल्या अंगात साखर जिरवणारा एक रस आहे, त्याला इन्सुलिन म्हणतात. तो रसही काम झाल्यावर बराचसा मूत्रपिंडातच संपतो. तुमची मूत्रपिंडे आता ते काम पुरते करत नाहीत. म्हणून गोळी आणि रस दोन्ही अंगात जास्त वेळ राहतात, आणि साखर पार खाली नेतात. पहाटे घाम सुटला तो त्यामुळे. तुम्ही पेढे वाटलेत, पण ती धोक्याची घंटा होती."

तात्या गप्प झाले. मग म्हणाले, "पर बाई, मला तर काय बी दुखत न्हाई."

"मूत्रपिंड दुखत नाही, तात्या. तीच तर खरी अडचण आहे."

3. अंगातला फिल्टर

मंडळी, मूत्रपिंड म्हणजे काय, ते आपण नीट पाहू.

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक मूत्रपिंड असते. आकार आपल्या मुठीएवढा. हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठींकडे जातो. तेथे रक्त गाळले जाते.

ठिबकला फिल्टर असतो, तो शेतकऱ्याला माहीत आहे. मूत्रपिंडातही तसेच आहे. पण तेथे एक फिल्टर नाही. एकेका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या आहेत. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान.

दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे 180 लिटर पाणी गाळून निघते. 15 लिटरची घागर धरली, तर 12 घागरी! अंगात रक्त तर सुमारे 5 लिटरच. मग एवढे पाणी येते कोठून? तेच रक्त पुन्हा पुन्हा गाळले जाते. गाळलेल्या पाण्यातले कामाचे मूत्रपिंड परत रक्तात घेते. घाण तेवढी थोड्या पाण्याबरोबर बाहेर टाकते. तीच लघवी. ती दिवसाला दीड लिटरच्या आसपास होते.

मूत्रपिंड आणखीही कामे करते. अंगात पाणी किती ठेवायचे आणि मीठ किती ठेवायचे, ते ठरवते. रक्तदाब सांभाळते. रक्त वाढवण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला देते. म्हणून मूत्रपिंड बिघडले की माणूस फिका पडतो आणि त्याला थकवा येतो.

4. साखर आणि दाब

आता साखर काय करते ते पाहा.

रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली, की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि खराब होतात. सुरुवातीला गाळण्या नेहमीपेक्षा जास्तच राबतात. बैलाला दुप्पट ओझे घातले, तर तो काही दिवस ओढतो, मग बसतो. तसेच येथे होते. हळूहळू गाळणीची भोके सैल होतात. जे रक्तात राहायला हवे, ते लघवीतून गळू लागते. पुढे एकेक गाळणी बंद पडते.

वाढलेला रक्तदाब दुसऱ्या बाजूने मारा करतो. पंपाचा दाब फार झाला, तर ठिबकची नळी फुगते, सांधे सुटतात. रक्ताचा दाब वाढला, तर बारीक रक्तवाहिन्यांवर तसाच ताण पडतो. त्या जाड होतात, अरुंद होतात. गाळणीला रक्त पुरत नाही आणि ती सुकून जाते.

आणि मूत्रपिंड बिघडले, की ते मीठ-पाणी अंगात अडवून ठेवते. त्याने रक्तदाब आणखी वाढतो. दाबाने गाळणी बिघडते, बिघडलेल्या गाळणीने दाब वाढतो. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

मग माणसाला कळत कसे नाही? 20 बैलांचे काम 10 बैल ओढू लागले, तरी गाडा चालतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. मूत्रपिंडाचे तसेच आहे. निम्म्या गाळण्या बंद पडल्या, तरी माणूस चालतो, खातो, काम करतो. पाय सुजेपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. आणि बंद पडलेली गाळणी पुन्हा सुरू होत नाही.

तात्यांच्या गाळण्यांचे काम शंभरात 35 एवढेच उरले होते.

त्यात रोजची दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा नावांच्या या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात. त्या अंगात मीठ-पाणीही साठवतात. थकलेल्या बैलाला ही आणखी एक पराणी. बाईंनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली. गुडघ्यासाठी दुसरा उपाय दिला.

5. पाणी जाते कोठे, साठते कोठे?

साखर फार वाढली, की ती लघवीतून बाहेर पडते. जाताना पाणी ओढून नेते. म्हणून माणूस सारखा लघवीला जातो. तोंड सुकते, तहान भागत नाही. त्या वेळी अंगातले पाणी कमी होते.

पुढे मूत्रपिंड थकले, की उलटे होते. पाणी बाहेर पडत नाही. ते अंगात साठते. आधी पायांत, डोळ्यांखाली. मग पोटात. फार झाले तर फुप्फुसात. मग आडवे पडताच दम लागतो. असा दम लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. सकाळची वाट पाहू नये.

तात्यांचे वजन 4 किलोंनी वाढले, ते मांस नव्हते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तात्यांच्या अंगात सुमारे 4 लिटर पाणी साठले होते.

शेजाऱ्याने त्यांना सल्ला दिला होता, "तांब्या तांब्या पानी प्या. किडनी धुऊन निघंल." हा सल्ला तात्यांना घातक होता. ज्याची मूत्रपिंडे चांगली आहेत, त्याने तहानेप्रमाणे पाणी प्यावे, उन्हात राबताना जास्त प्यावे. पण ज्याच्या अंगावर सूज आहे, त्याने डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे. चहा, ताक, आमटी हेही पाण्यातच मोजावे.

पाण्याला धरून ठेवते ते मीठ. मीठ जास्त खाल्ले, की तहान लागते आणि प्यालेले पाणी अंगात राहते. म्हणून सुजेच्या माणसाने पाण्याआधी मीठ आवरावे.

6. काकूंचा हिशेब

बाई म्हणाल्या, "मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट एक चमचा. त्यात सगळे आले."

काकू रात्रीच्या साक्षरता वर्गाला जातात. घरी येताच त्यांनी पाटी घेतली. घरात माणसे 5, सगळी मोठी. 5 माणसे, दर माणशी 5 ग्रॅम, दिवस 30. गुणाकार केला. 750 ग्रॅम. म्हणजे महिन्याला एक किलोचा पुडासुद्धा संपायला नको. आणि त्यांच्या घरी दोन पुडे संपत!

काकू म्हणाल्या, "आगं बया! आपण तर दुपटीच्या बी वर खातोय."

त्या दिवसापासून भाकरीच्या पिठात मीठ घालणे बंद झाले. ताटातली मिठाची चिमूट गेली. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, फरसाण, सुकी मासळी कमी झाली. चवीला लिंबू, लसूण, कोथिंबीर, जिरे आले. चार दिवस घरात कुरकुर झाली. मग जिभेला सवय झाली.

तात्यांनी विचारले, "शेंदेलोण चालंल का?"

बाई म्हणाल्या, "शेंदेलोण हेही मीठच. नाव वेगळे, काम तेच. आणि बाजारात 'कमी सोडियम' असे छापलेले मीठ मिळते. त्यात पोटॅशियम नावाचा क्षार घातलेला असतो. थकलेले मूत्रपिंड तो बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात फार वाढला, तर हृदय थांबू शकते. म्हणून ते मीठ तुम्हाला नको. नारळपाणी आणि केळीसुद्धा मला विचारूनच."

काकूंनी एक वही केली. रोज सकाळी लघवीनंतर तात्यांचे वजन करायचे आणि वहीत लिहायचे. बाईंनी सांगितले होते, "दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर मला दाखवा."

7. चमचा आणि मेणबत्ती

मूत्रपिंड दुखत नाही. मग रोग लवकर ओळखायचा कसा? याची एक जुनी गोष्ट आहे.

लंडन शहरात रिचर्ड ब्राइट नावाचे एक डॉक्टर होते. अंगावर सूज असलेले रोगी त्यांच्याकडे येत. रोग्याची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर तापवायची, अशी परीक्षा तेव्हा करत. काही रोग्यांच्या लघवीत पांढरे गोळे होत. अंडे तापवले की त्यातला पांढरा भाग गोठतो, तसे. असे रोगी मेल्यावर त्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. ब्राइट यांनी हे 1827 साली लिहून प्रसिद्ध केले.

तो गोठणारा पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन. हे रक्तातले प्रथिन आहे. गाळणीची भोके सैल झाली, की ते लघवीत गळते. लघवीला मोडता न मोडणारा फेस येतो, तो पुष्कळदा त्याचाच.

आज मेणबत्ती लागत नाही. लघवीच्या तपासणीत अगदी थोडे अल्ब्युमिनही सापडते. फेस दिसण्याच्या कितीतरी आधी सापडते. दुसरी तपासणी रक्ताची. तिचे नाव क्रिएटिनीन. आपल्या स्नायूंतून रोज थोडी घाण निघते, तीच ही. मूत्रपिंड ती बाहेर टाकते. ती रक्तात वाढली, तर समजावे की गाळणी मंद झाली.

ज्याला साखर आहे, त्याने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात. ज्याला रक्तदाब आहे, त्याने डॉक्टरांना विचारून कराव्यात. काही दुखत नसले तरी कराव्यात.

8. "मला बी काय होत नव्हतं"

तात्यांचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो. वय 46. त्यालाही पाच वर्षांपासून साखर. काकू त्याला म्हणाल्या, "भावजी, तुमी बी तपासून घ्या."

तो हसला. "वहिनी, मला काय बी होत न्हाई. आन् बागेत फवारणी पडलीया."

तात्या ओट्यावर बसले होते. सुजलेले पाय उशीवर ठेवले होते. ते हळूच म्हणाले, "मला बी काय होत नव्हतं, आबा."

भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फवारणी थांबवून तो दवाखान्यात गेला. रक्त चांगले निघाले. पण लघवीत थोडे अल्ब्युमिन सापडले. बाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. अजून बैल उभे आहेत." त्यांनी त्याला मूत्रपिंडाला जपणारी गोळी सुरू केली. ती रक्तदाबही उतरवते. साखर आवरायला सांगितले. तंबाखू सोडायला सांगितले, कारण तंबाखूही रक्तवाहिन्या खराब करते.

तात्यांची औषधे बदलली. साखर फार खाली नेणारी जुनी गोळी बंद झाली. रक्तदाबाची गोळी आता रोज ठरल्या वेळी. दाब 130 वर 80 च्या खाली आणायचा, असे बाईंनी सांगितले आहे. दोन महिन्यांत सूज उतरली, वहाणा पायात बसू लागल्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. गाळण्यांचे काम शंभरात 34. गेले ते परत आले नाही. पण घसरणही फारशी झाली नाही.

तात्यांनी विचारले, "बाई, पुढं काय?"

बाई म्हणाल्या, "असेच सांभाळलेत, तर पुष्कळ वर्षे निघतील. सोडून दिलेत, तर एक दिवस यंत्रावर रक्त गाळावे लागेल. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. 2016 पासून सरकारचा डायलिसिसचा कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात गरिबाला ते मोफत मिळते. त्याने जीव वाचतो. काहींना जवळच्या नातेवाइकाचे मूत्रपिंडही बसवता येते. पण ती वेळ लांबवणे आज तुमच्या हातात आहे."

तात्या आता दर शनिवारी देवळात बसतात. पेढे वाटत नाहीत. येणाऱ्याला विचारतात, "तुझी साखर तपासली का? दाब मोजला का? लघवी दाखवली का?" लोक हसतात. पण गेल्या महिन्यात त्यांच्या सांगण्यावरून गावातली 11 माणसे दवाखान्यात जाऊन आली.

ध्यानात ठेवा

1. वयाची 30 वर्षे झाली, की वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.
2. साखर असेल, तर लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनीन दर वर्षी तपासावे.
3. रक्तदाबाची गोळी दुखण्यासाठी नसते. बरे वाटते म्हणून ती सोडू नये.
4. दुखण्याची गोळी मनाने रोज घेऊ नये. अनोळखी पुड्या आणि काढे घेऊ नयेत.
5. साखर अचानक आपोआप उतरू लागली, तर आनंद मानू नये. डॉक्टरांना दाखवावे.
6. जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर साखरेच्या आणि दाबाच्या गोळ्यांविषयी लगेच डॉक्टरांना विचारावे. अंग कोरडे पडले की मूत्रपिंडाला धोका असतो.

प्रश्न

1. तात्यांची साखर का उतरली होती?
2. चार किलो वजन कशाचे वाढले होते?
3. सूज आलेल्या माणसाने भरपूर पाणी का पिऊ नये?
4. धाकट्या भावाला कोणता फायदा झाला?

करून पाहा

तुमच्या घरात मोठी माणसे किती? दर माणशी 5 ग्रॅम धरून महिन्याचे मीठ किती होते, ते वहीत मांडा. मग मिठाचे पुडे किती संपतात ते मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.